फर्लांग

दर बुधवारी, तर धक्क्याला लागली की
सफूरा परकार पोस्टात यायची.
निळं हवाई पाकीट तराजूत ठेवून
काट्याकडे बघत राहायची.
मी मापात पाप करीन म्हणून नव्हे,
आपण लिहिलं त्याला वजन आहे
हे कुणा सरकारी माणसाने सांगावं म्हणून.

केपटाऊन. अठरा ग्रॅम, मी म्हणायचो.
बाय, ती म्हणायची.
पहिल्यांदा वाटलं, मला बाईमाणूस समजते की काय.
तिच्या भाषेत बाय म्हणजे खूप.
खूप उकाडा. खूप आभार. खूप लांब.

आजा इथल्याच मोहल्ल्यातला.
जहाजावर भंडारी म्हणून गेला, तिकडेच उतरला,
मसाल्याचं दुकान टाकलं.
नातीपर्यंत कोकणी उरली
शिव्यांपुरती आणि मासळी साफ करण्यापुरती.
बाकी सगळं आफ्रिकान्स.
बागेतल्या बाकावरची पाटीसुद्धा:
इथे फक्त गोऱ्यांनी बसावं.

‘आईने झोपवलं त्याच भाषेत,
शिपायाने घर खाली करायला सांगितलं त्याच भाषेत.
मास्तर, ह्यातली कुठली अर्धी थुंकून टाकू?’
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
मी तिकिटावर शिक्का मारला,
गरजेपेक्षा जोरात.

एकोणिसाव्या वर्षी निकाह करून इथे आली.
नवरा तांडेल, आठ महिने दर्यात.
रात्री सुकटीच्या गोणीवर वही ठेवून
ती लिहायची, उजवीकडून डावीकडे.
तिकडच्या जुन्या मदरशांत ती बोली
अरबी अक्षरांत लिहीत, नानीने तशीच शिकवलेली.
खाडीवर कविता केली, तिवरांवर,
आणि आमच्या सड्यावर:
तोही तिच्या डोंगरासारखा सपाट,
पण ढग म्हणे त्याच्यावर टेकत नाही,
नुसता बघून पुढे जातो.
एवढं तिने कोकणीत सांगितलं. बाकी मला काय कळणार.

मग एका बुधवारी अकरा पाकिटं परत आली.
शेरा: गल्ली अस्तित्वात नाही.
दोन भाषांत छापलेला.
त्यातली एक तिची.

त्या दिवशी तिने मला एक शब्द दिला.
फरलांग. शेवटी एक अर्धा अ, गिळलेला.
दूरच्या कशासाठी तरी आत ओढ लागते, तो.
मी म्हटलं, आमच्यात आठ फर्लांगांचा मैल.
ओढणी तोंडाला लावून ती हसली,
मग हसायची थांबली.
‘म्हणजे तुमच्यात मोजता येतो.’

त्यानंतरही ती यायची. पाकीट तोलायची,
आकडा ऐकायची, परत घेऊन जायची.
नियमात बसत नव्हतं.
मी तोलत राहिलो.

काविळीने गेली. पेटीत चौदा वह्या.
नणंद चुलीत घालणार होती,
पण अक्षरं बघून हात मागे घेतला.
मौलवींनी खडखडीत वाचून दाखवलं:
आवाज सगळे बरोबर, अर्थ एकाचाही नाही.
अर्थ लागत नाही म्हणजे पाक असणार,
असं मोहल्ल्याने ठरवलं.
मग कुणाचं पोर तापलं, कुणाची म्हैस आटली,
वहीचं पान फाडायचं, घडी घालायची.

रझिया नाखव्याच्या धाकट्याच्या दंडावर
अजून तो तावीज आहे.
तांब्याची डबी, काळा दोरा, प्रत एक.
उघडला तर असर जातो, आई सांगते.
आत काय असेल?
तांडेलाला दिलेला शिव्याशाप असेल,
आईच्या मटणाची कृती असेल,
किंवा ते बाक, आणि त्याच्यावर बसलेली ती.
ताप मात्र उतरला होता. मी विचारून घेतलंय.

निवृत्तीनंतर मी एकदा चालत गेलो,
पोस्टाच्या पायरीपासून तिच्या दारापर्यंत.
पावलं मोजली, कागदावर हिशेब केला.
पावणेतीन भरले.
शेवटचा तो अर्धा अ
कशात धरायचा, कळेना.